तीन किलो जेल पॅक, एक्केचाळीस तास: शीतकाच्या अंदाजाचं एक प्रकरण

चोवीस किटचं ते खोकं एक्केचाळिसाव्या तासाला उघडलं तेव्हा आत २७ अंश तापमान होतं. किटच्या लेबलवर '२ ते ८' असं ठळक छापलेलं. (इथले सगळे अंश सेल्सिअस.) इथवर गोष्ट ओळखीचीच होती: उकाडा, उशीर आणि वितळून मऊ पडलेले जेल पॅक. पण नमुने तपासायला घेतले आणि पाच किट निराळ्याच कारणाने बाद ठरली. त्यांच्या कुप्यांतल्या लेटेक्सच्या कणांच्या गुठळ्या झाल्या होत्या आणि कितीही हलवलं तरी त्या सुटेनात. लेटेक्सचं द्रावण गोठलं की असं होतं. म्हणजे शेवटी जो माल तापून गेला, त्यातलाच काही त्याआधी थंडीने गेला होता. एकाच खोक्यात, एकाच प्रवासात.

पाठवणारी कंपनी रोगनिदानाची किट बनवते. मला बोलावलं ते "जेल पॅक किती वाढवायचे तेवढं सांगा" म्हणून. प्रश्न साधा वाटतो. पण गोठलेली पाच किट पाहिल्यावर "वाढवा" हे उत्तर निदान आहे तसं देता येणार नव्हतं. त्याच पद्धतीने पॅक वाढवले असते तर पाचाच्या जागी दहा किट गोठली असती.

आधी भरणी कशी होती ते सांगते. थर्माकोलचा डबा, आतून ४० बाय ३० बाय ३० सेंमी, भिंत ४ सेंमी जाड. आत किटचा ६ किलो माल, कोल्ड रूममधून ५ अंशांवर काढलेला. त्याच्याभोवती आणि वर अर्ध्या किलोचे सहा जेल पॅक, डीप फ्रीझरमधून उणे २० वर काढून थेट मालाला टेकवलेले. झाकणाला चिकटपट्टी. सुदैवाने आत तापमान नोंदवत राहणारे दोन डेटा लॉगर होते. एक मुद्दाम मधोमध ठेवलेला. दुसरा भरणाऱ्याने जागा मिळेल तिथे खुपसलेला, तो नेमका एका पॅकला चिकटून बसला. या दुसऱ्या लॉगरने तिसऱ्या तासाला उणे अडीच दाखवलं होतं. मधल्याने अठराव्या तासाला ८ अंश ओलांडले आणि मग तो चढतच गेला. दोन लॉगर, दोन कहाण्या. एकच लॉगर असता, आणि तो मधला असता, तर गोठण्याचा पत्ताच लागला नसता.

वजनाचा नियम

तीन किलो हा आकडा कुठून आला, असं विचारलं तेव्हा डिस्पॅचच्या पर्यवेक्षकांनी सांगितलं, "मालाच्या वजनाच्या निम्मं, असाच हिशेब आहे आमचा. आणि मॅडम, थंडीभर याच हिशेबाने माल गेला, एक तक्रार नाही आली."

दोन्ही वाक्यं खरी होती. हा नियम अनेक ठिकाणी भेटतो. कुठे निम्मं, कुठे तिसरा हिस्सा, कुठे "माल तेवढा बर्फ". पण त्यात एक मूळचीच चूक आहे. माल ५ अंशांवर भरला आणि तो ५ अंशांवरच ठेवायचा असेल, तर माल शीतक (म्हणजे हे गारवा देणारे पॅक) खात नाही. शीतक खाते ती भिंतीतून आत येणारी उष्णता. ती ठरते डब्याच्या पृष्ठभागावर, भिंतीच्या जाडीवर, आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकावर आणि तासांवर. या चारांत मालाचं वजन कुठेच नाही. त्याच डब्यात ६ ऐवजी १२ किलो माल भरा, उष्णता तेवढीच आत येईल. उलट जास्तीचा थंड माल थोडी ऊब पचवतो, म्हणून तो डबा किंचित जास्तच टिकेल. नियमाप्रमाणे मात्र त्याला दुप्पट पॅक लागले असते.

वजन हिशेबात येतं ते एकाच वेळी: माल गरम भरला तर. हाच ६ किलो माल कोल्ड रूमऐवजी २५ अंशांच्या टेबलावर तासन्‌तास पडून मग भरला असता, तर त्याला ५ वर आणायलाच साधारण ३६० किलोज्यूल खर्च झाले असते (दर किलो-अंशाला ३ किलोज्यूल धरून, कुप्यांतलं पाणी, प्लास्टिक आणि पुठ्ठा यांची ही ढोबळ सरासरी). म्हणजे एक किलोहून जास्त बर्फ प्रवास सुरू व्हायच्या आधीच संपला. याउलट रिकामा थर्माकोलचा डबा रात्रभर कोल्ड रूममध्ये ठेवून 'गार करून घेण्याची' धडपड मी खूप ठिकाणी पाहिली आहे. त्या डब्याचं वजनच पाऊण किलोच्या आत. त्यात साठून किती उष्णता साठणार? जागा अडते ती वेगळीच.

मग थंडीत नियम चालला कसा? त्यासाठी तीन किलो पॅकची कुवत मोजावी लागते. बर्फ वितळताना दर किलोला ३३४ किलोज्यूल शोषतो. जेल पॅक बहुतांशी पाणीच असतो, त्यामुळे ३२० धरायला हरकत नाही. उणे २० पासून शून्यापर्यंत येताना बर्फ आणखी ४२ किलोज्यूल घेतो, आणि वितळलेलं पाणी शून्यावरून ८ वर जाताना ३४ च्या आसपास. दर किलोला ३९६, तीन किलोंना सुमारे ११९०. माल ५ वरून ८ वर चढताना ५४ किलोज्यूल पचवतो, ते धरून १२४० च्या घरात.

आता खर्चाची बाजू. या डब्यातून दर अंश फरकामागे ०.८ वॅट उष्णता आत झिरपते. हा आकडा कसा काढला ते पुढे येईल. थंडीत बाहेर सरासरी १४ अंश असेल, तर फरक ९ चा, गळती ७.२ वॅट, म्हणजे तासाला २६ किलोज्यूल. १२४० भागिले २६: जवळपास ४८ तास. त्यांचा नेहमीचा प्रवास २८ ते ३२ तासांचा. तक्रार येणार कुठून? उन्हाळ्यात बाहेर सरासरी ३०. फरक २५, गळती २० वॅट, तासाला ७२ किलोज्यूल. १२४० भागिले ७२ करा: सव्वासतरा तास. मधल्या लॉगरने ८ ओलांडले होते अठराव्या तासाला.

गणित आणि लॉगर इतके जुळले की मला आनंदाआधी शंका येते. बाहेरची ३० ही सरासरी आम्ही मागाहून वाहनाच्या वेळांवरून धरलेली होती, त्यामुळे जुळणीचं थोडं श्रेय त्या ३० लाही जातं. तरी चित्र स्पष्ट होतं. नियम चुकीचाच होता, थंडीने तो झाकून ठेवला होता. आणि खोकं वेळेवर, तिसाव्या तासाला पोहोचलं असतं तरीही माल वाचला नसता. उशिराने फक्त आतलं तापमान आणखी वाढवलं. तोवर कंपनीतली सगळी चर्चा वाहतूकदाराच्या उशिरावर चालली होती.

गोठण्याचा हिशेब याहून छोटा आहे, पण डोळे उघडणारा. तीन किलो पॅक उणे २० वरून शून्यावर येताना १२६ किलोज्यूल ओढून घेतात. सगळा सहा किलो माल ५ वरून शून्यावर आणायला ९० पुरतात. म्हणजे वितळायला सुरुवात व्हायच्या आधीच, नुसत्या त्या उणेपणात, अख्खा माल शून्यावर नेण्याची ताकद होती. भिंतीतून येणारी उष्णता मधल्या मालाला वाचवते. पॅकला टेकलेल्या किटला वाचवायला ती वेळेत पोहोचत नाही. लसींच्या शीतसाखळीत ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. ॲल्युमिनियमयुक्त लसी गोठल्या की निकामी होतात, म्हणून तिथे आइस पॅक फ्रीझरमधून काढून बाहेर ठेवतात आणि हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज येईपर्यंत थांबतात. पाणी खळखळलं म्हणजे पॅक शून्यावर आला, उणेपणा संपला. किट बनवणाऱ्यांपर्यंत मात्र ही खळखळ पोहोचली नव्हती.

डबा किती गळतो

आता ०.८ वॅटचा तो आकडा. कागदावर तो असा निघतो. थर्माकोलची उष्णतावाहकता ०.०३६ वॅट प्रति मीटर-अंश धरली. डब्याचं आतलं क्षेत्रफळ ०.६६ चौरस मीटर, बाहेरचं १.०२. कोणतं घ्यायचं? आतलं घेतलं तर गळती कमी दिसते, बाहेरचं घेतलं तर जास्त. जाड भिंतीच्या छोट्या डब्यात हा फरक दीडपटीचा असतो. दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेणं हा बरा मार्ग: ०.८२ चौरस मीटर. त्यावरून ०.७४ वॅट प्रति अंश येतात. कडा आणि कोपरे स्वतंत्र धरणारं सूत्र वापरलं तर ०.६७.

म्हणजे कागदावर दोन उत्तरं, आणि दोन्हींत झाकणाची फट नाही. थर्माकोलच्या झाकणाची खाच हजारदा उघडझाप झाल्यावर कशी होते हे ज्याने पाहिलं आहे, तो या दोन्ही आकड्यांवर माल पाठवणार नाही. म्हणून डब्यालाच विचारलं.

पद्धत जुनी आहे. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात उष्णता मोजली ती बर्फ वितळून झालेलं पाणी तोलून. आम्हीही तेच केलं, फक्त उलट बाजूने. १२ किलो बर्फ वितळायला लागेपर्यंत बाहेर ठेवला, म्हणजे तो नक्की शून्यावर आला. मग पिशव्यांत भरून डब्याच्या सर्व बाजूंना लावला, वर झाकणाखालीही. सगळा बर्फ तळाशी टाकला तर वरची हवा गरम होते, आत-बाहेरचा फरक घटतो आणि डबा आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. या चाचणीत हमखास होणारी चूक हीच. खोली ३२ अंशांवर ठेवली. पहिल्या चार तासांचं पाणी ओतून टाकलं, कारण त्यात भिंत थंड होण्याचा हिशेब मिसळलेला असतो. पुढच्या वीस तासांचं पाणी तोललं: साडेपाच किलो.

साडेपाच किलो गुणिले ३३४, भागिले वीस तासांचे सेकंद: २५.५ वॅट. भागिले ३२ अंश: ०.८ वॅट प्रति अंश. कागदावरच्या कडा-कोपऱ्यांच्या आकड्यापेक्षा एकोणीस-वीस टक्के जास्त. बहुतेक वाढ झाकणाची असावी. खात्रीने सांगायला झाकण डिंकाने बंद करून पुन्हा मोजायला हवं होतं, ते केलं नाही.

एक काटा, एक घड्याळ, एक तापमापक आणि बर्फ. माझ्या मते शीतकाच्या अंदाजात यापेक्षा जास्त मोलाचं दुसरं काही नाही. तरी बहुतेक ठिकाणी ही चाचणी कुणी केलेली नसते, आणि डबा विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातला "७२ तास" हा आकडा कोणत्या बाहेरच्या तापमानाला, किती शीतक भरून, असं कुणी विचारलेलंही नसतं.

तास आणि अंश

दुसरी बाजू प्रवासाची. "सरासरी ३० अंश, ४८ तास" असं धरून चालतं का? अर्धं चालतं. गळती तापमानाच्या फरकाच्या थेट प्रमाणात असते, त्यामुळे एकूण उष्णतेसाठी सरासरी पुरते, पण ती सरासरी प्रत्यक्ष तासांची हवी. हवामानखात्याचं दुपारचं कमाल तापमान घेतलं तर फार जास्त शीतक निघतं. दिवसरात्रीची सरासरी घेतली तर बंद गाडीतली दुपार निसटते. उन्हात उभ्या गाडीच्या पोटातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापते.

म्हणून प्रवासाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला अंश-तास काढले: आत ५ अंश धरून फरक किती, गुणिले तास किती. गेल्या वर्षभरातला सर्वांत लांबलेला प्रवास ४६ तासांचा होता, म्हणून ४८ धरले. उचलणारी गाडी ५ तास, ४० अंशांत: १७५ अंश-तास. पहिलं गोदाम १० तास, ३४ अंश: २९०. रात्रीचा रस्ता १२ तास, २८ अंश: २७६. दुसरं गोदाम ११ तास, ३३ अंश: ३०८. पोहोचवणारी गाडी ६ तास, ४२ अंश: २२२. आणि शेवटचे ४ तास २६ अंशांत: ८४.

हे शेवटचे चार तास कुणाच्याच हिशेबात नव्हते. माल 'पोहोचला' अशी नोंद झाल्यावर तो ज्या टेबलावर पडून राहतो ते टेबल. प्रयोगशाळेत खोकं सकाळी येतं, सही होते, आणि उघडायला जेवणानंतर वेळ मिळतो. वाहतूकदाराचं काम सहीला संपतं, जेल पॅकचं संपत नाही.

बेरीज १३५५ अंश-तास. डब्याच्या ०.८ ने गुणलं की १०८४ वॅट-तास, म्हणजे सुमारे ३९०० किलोज्यूल. आठवण म्हणून: जुन्या भरणीची कुवत होती १२४०.

गाडीतले ४० आणि ४२ हे आकडे आले ते तीन खोक्यांच्या बाहेरच्या बाजूला लॉगर चिकटवून पाठवले त्यातून. तयार तापमान-आराखडेही मिळतात. इस्टा ७ई हा त्यातला प्रसिद्ध, अमेरिकेतल्या पार्सलांच्या मार्गांवर मोजलेल्या तापमानांवर बेतलेला. डब्यांची आपसांत तुलना करायला तो उत्तम. पण आपल्या गाडीत दुपारी किती तापतं हे तो सांगू शकत नाही.

पंधरा किलो

३९०० भागिले ३२०: बारा किलोंच्या थोडं वर जेल पॅक. त्यावर पंचवीस टक्के राखीव धरली की पंधरा. ही राखीव कशासाठी, हे लिहून ठेवण्याचा माझा आग्रह असतो. नाहीतर प्रत्येक टेबलावर प्रत्येक जण आपापली राखीव घालतो आणि शेवटी सहा किलो मालाला पंचवीस किलो बर्फ जातो. इथे ती होती पॅक सगळीकडे सारखे न वितळण्यासाठी आणि डब्या-डब्यातल्या फरकासाठी. उशिराची राखीव ४८ तासांत आधीच होती, ती पुन्हा नाही.

सहा किलो मालाला पंधरा किलो शीतक. पर्यवेक्षक हसले. बसतंय का, हा पहिला प्रश्न. डबा ३६ लिटरचा, पॅक सोळा-सतरा लिटर, किट दहा लिटर, बसतं. पण वाहतुकीचं भाडं वजनावर, आणि एकवीस किलोंचं थर्माकोलचं खोकं एकदा हातातून सुटलं की संपलं. असा आकडा आला की समजावं, प्रश्न शीतकाचा उरलेला नाही, भिंतीचा झाला आहे.

पॉलियुरेथेन फोमची वाहकता ०.०२४ च्या आसपास असते. तेवढ्याच आतल्या मापाचा, ६ सेंमी भिंतीचा डबा कागदावर ०.३२ वॅट प्रति अंश देतो. नमुना मागवून त्याच बर्फाच्या चाचणीत घातला, ०.३८ आले. तोच १३५५ अंश-तासांचा प्रवास आता १८५४ किलोज्यूलमध्ये होतो, निम्म्याहून कमी. राखीव धरून शून्यावर आणलेले जेल पॅक सव्वासात किलो पुरतात.

वजन सुटलं, गोठणं उरलं. शून्यावरचा पॅकही २ अंशांच्या खालीच असतो. त्याच्या नि मालाच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाड थर घालून भागतं, लसींच्या बाबतीत वर्षानुवर्षं भागलं आहे. पण त्यासाठी कुणीतरी रोज पॅक बाहेर काढून ठेवायचे, खळखळ ऐकायची आणि मगच भरायचे. उकाड्यात हे लवकर होतं, गार दिवशी फार वेळ लागतो. गाडी दारात उभी असताना भरणारा माणूस खळखळीची वाट पाहील का? मला खात्री नव्हती, पर्यवेक्षकांना तर मुळीच नव्हती.

म्हणून ५ अंशांना वितळणारे पीसीएमचे पॅक पाहिले. पीसीएम म्हणजे ठरावीक तापमानाला घन-द्रव होणारा पदार्थ. या तापमानाला बहुधा पॅराफिनच्या जातीचा. त्याची सुप्त उष्णता, म्हणजे वितळताना शोषली जाणारी, दर किलोला २०० किलोज्यूलच्या आसपास, बर्फाच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी. म्हणून वजन जास्त: राखीव धरून ११.६ किलो, आम्ही एक किलोचे बारा पॅक धरले. पॅराफिन पाण्याहून हलकं, त्यामुळे जागाही जास्त खातं. बदल्यात मिळतं हे, की पॅक ५ अंशांवरच वितळत राहतो आणि मालाला टेकला तरी गोठवत नाही. डीप फ्रीझरमध्ये घट्ट करून घेतले की ते ३ अंशांच्या कोल्ड रूममध्ये मालाशेजारीच ठेवता येतात. तिथे ते घनच राहतात, उणेपणा मात्र निघून जातो. भरणाऱ्याने मांडणीवरून पॅक उचलायचे आणि भरायचे. ऐकायचं काही नाही, थांबायचं काही नाही. फ्रीझर टाळून थेट ३ अंशांवरच ते घट्ट करू पाहिले तर मात्र फसतात. ५ अंशांचा पदार्थ बऱ्याचदा त्याहून खाली गेल्याशिवाय गोठायलाच लागत नाही.

या बैठकीत कुणीतरी ड्राय आइसचं, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचं, नाव काढलंच. "त्याची ताकद जास्त असते ना?" असते. दर किलोला ५७१ किलोज्यूल. पण तो उणे ७८.५ अंशांवर असतो. लेटेक्सचे पाच किट जिथे उणे अडीचने गेले, तिथे त्याचं काय काम? शिवाय आत-बाहेरचा सरासरी फरक २८ चा (१३५५ अंश-तास भागिले ४८) १११ होतो. जुन्या थर्माकोलच्या डब्यात त्याने तासाला अर्ध्या किलोच्या आसपास हवेत उडून जायला सुरुवात केली असती, आणि प्रत्येक किलोमागे पाचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड. त्यासाठी खोक्याला वाट ठेवावी लागते, विमानाने पाठवताना यूएन १८४५ ची खूण आणि आतलं वजन लिहावं लागतं. गोठवलेल्या विकरांसाठी तो योग्य. इथे नाही.

चाचणीत काय निघालं

बारा पॅक, पॉलियुरेथेनचा डबा, पाच लॉगर: मधोमध, तळाशी, वरच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत आणि एक थेट पॅकला टेकवून. तापमान बदलता येणारी खोली भाड्याने घेतली आणि प्रवासाचे सहा तुकडे त्याच क्रमाने चालवले.

पहिल्या चाचणीत पॅकला टेकलेला लॉगर साडेतीनच्या खाली गेला नाही. गोठण्याचा प्रश्न तिथेच मिटला. पण वरच्या एका कोपऱ्याने एकोणचाळिसाव्या तासाला ८ ओलांडले, तर मधला लॉगर आरामात ६ वर. डबा उघडला तेव्हा तळाचे तीन पॅक अजून घट्ट होते. शीतक पुरेसं होतं, चुकीच्या जागी होतं. भरणाऱ्यांनी सवयीप्रमाणे तळाशी चार, चार बाजूंना आठ असे पॅक लावले होते. झाकणाखाली एकही नाही, कारण "वर ठेवलं की कागदपत्रं ओली होतात". जेल पॅकवर दव धरतं, त्या दिवसांतली ही सवय. किलोज्यूलची बेरीज डब्याला एक आकडा समजते. कोपरा तसं समजत नाही.

दुसऱ्या चाचणीत तळाला दोन, बाजूंना सात, झाकणाखाली तीन. लांब बाजूंना दोन-दोन, एका आखूड बाजूला दोन आणि दुसरीला एक, उभा. कागदपत्रं प्लास्टिकच्या पाकिटात झाकणाच्या बाहेरून. अठ्ठेचाळीस तासांनी एकही लॉगर ७ च्या वर नव्हता. खोली शेवटच्या दोन दिवसांच्या सरासरीवर, ३३ अंशांवर तशीच पुढे चालू ठेवली. पहिल्या कोपऱ्याने ८ ओलांडले ते सत्तावनाव्या तासाला. बारा पॅकचे २४०० किलोज्यूल आणि तासाला ३८.६ ची गळती यांवरून कागद म्हणत होता ६२. पाच तास कोपऱ्यांनी खाल्ले. ती पंचवीस टक्के राखीव कुठे जाते, असं विचारणाऱ्याला आता हे दाखवता येतं.

प्रत्यक्ष प्रवासाला सहा खोकी पाठवली, सगळी २९ ते ३४ तासांत पोहोचली, सगळी ६ च्या खाली. यातून फार सिद्ध होत नाही, हेही अहवालात लिहिलं. त्या आठवड्यात कुणाला उशीरच झाला नव्हता.

थंडीसाठीचा तक्ता वेगळा करावा लागला, आणि तिथे गंमत उलटी होते. बाहेर ५ च्या खाली गेलं की अंश-तास उणे होतात. आता उष्णता बाहेर जाते आणि घट्ट पीसीएम मालाला गोठण्यापासून वाचवू शकत नाही, कारण त्याच्याकडे द्यायला सुप्त उष्णता उरलेलीच नसते. तिथे द्रव पॅक हवेत, जे गोठता गोठता ऊब सोडतील. दिवसा १५ आणि रात्री उणे असा मार्ग असेल तर निम्मे घट्ट, निम्मे द्रव, घट्ट बाहेरच्या बाजूला की द्रव, यावर आमचा अजून पुरता निकाल लागलेला नाही. पुढच्या थंडीत मोजणार आहोत. तोवर हिवाळी तक्त्यात त्या मार्गांसमोर "विचारून पाठवा" एवढंच आहे.

नवे डबे परत येणारे आहेत, म्हणून एक कलम जोडलं: दर वीस फेऱ्यांनी एक डबा काढून बर्फाची चाचणी. पहिल्या वीस फेऱ्यांनंतर ०.३८ चे ०.४३ झाले होते. झाकणाची रबरी पट्टी एका कोपऱ्यात चेपली होती. पट्टी बदलल्यावर ०.३९.